नोंद केल्याशिवाय आत नाही

गाडी लेट होती, याबद्दल माझी काही तक्रार नाही. गाडी लेट असणं हे मी आता हवामान म्हणून स्वीकारलंय. तक्रार आहे ती प्रतीक्षालयाच्या दारातल्या बाईंबद्दल, आणि ती काल रात्रभर बर्थवर कुशी बदलूनही गेली नाही.

दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरवर वर्तमानपत्र पसरून बाई मेथी निवडत होत्या. मी पाऊल आत टाकलं तसा मान वर न करता आवाज आला, "नोंद करा."

मेथी सरकली. नाव, पीएनआर, गाडी, वय असे रकाने दिसले. शेजारी सुतळीला पेन बांधलेलं होतं. म्हणजे सुतळी होती आणि पेनाचं टोपण होतं.

"पेन?"

"आत असेल कुणाकडे."

मी निघालो.

"अहो, कुठे? नोंद केल्याशिवाय आत नाही जायचं."

"पेन आणायलाच जातोय."

"मग नोंद करून जा ना."

"बरं, तुम्ही द्या आणून."

"मला जागा सोडता येत नाही." एक जून देठ मोडला. "मागे इथून खुर्ची गेली होती."

यावर काय बोलणार? खुर्ची मी नेली नव्हती, हेही सिद्ध करायला पेन लागलं असतं.

शेवटी एका लाल सदऱ्यातल्या हमालाने खिशातलं पेन काढून दिलं. काल दिवसभरात स्टेशनात कुणी मला काही दिलं असेल तर ते त्याने, आणि हे बिल्लेवाले हमाल रेल्वेचे नोकरसुद्धा नसतात! दिलगिरी तेवढी लाउडस्पीकरने व्यक्त केली, दर दहा मिनिटांनी. ती बाई रेकॉर्डवरची असते म्हणून तिला जमतं.

पीएनआरचे दहाच्या दहा आकडे लिहिले. वय लिहिलं, ६३. बाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"त्रेसष्ट? मग इतका वेळ उभे कशाला राहिलात, आजोबा?"

आजोबा! साठीनंतर पुरुषांना तिकिटात चाळीस टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाचं निमित्त झालं आणि ती गेली. कोरोना गेला, सवलत काही आली नाही. माझी साठी त्यानंतरची, त्यामुळे मला ती एकदाही मिळाली नाही. खिडकीवर पैसे मोजताना मी तरणाबांड आणि प्रतीक्षालयाच्या दारात आजोबा. एक काय ते ठरवा. आजोबा म्हणायचं असेल तर चाळीस टक्के आधी टेबलावर ठेवा, मेथी बाजूला करून.

ज्येष्ठांना खालची बर्थ देण्याची सोय मात्र अजून आहे, शिल्लक असेल तर. माझ्या वेळी नसते. टीसींना गुडघा दाखवला. त्यांनी हातातल्या मशीनवर बोट फिरवलं. "भुसावळनंतर बघू."

भुसावळ गेलं, तसे तेही गेले. ड्यूटी बदलली. नवे टीसी आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मशीन पाहिलं, मान उंच केली आणि म्हणाले, "तुम्हाला वरची बर्थ मिळालीय."

मी त्या वेळी तिथूनच बोलत होतो.