वरातीमागून घोडं नेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तुमच्या उपनगरातलं जुनं, अर्धं रिकामं व्यापारी संकुल पाडून तिथे त्याच्या तिप्पट मोठं काहीतरी उभं राहणार, अशी कुणकुण लागली की सगळ्यात आधी एक करा: काहीही करू नका. कुणकुण ही कुणकुणच असते. तिच्या मागे लागून नियोजन कार्यालयात जाणं आणि "अर्ज आलाय का हो?" असं विचारणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. शिवाय त्या वेळी तिथे बघायला असतं तरी काय? एक काळापांढरा नकाशा, चार रकान्यांचा तक्ता आणि जांभई आवरणारा एक कर्मचारी. बांधकाम एकूण किती, त्यात दुकानं किती नि कचेऱ्या किती, गाड्या आत कुठून शिरणार आणि बाहेर कुठून पडणार, हे नेमकं याच कंटाळवाण्या टप्प्यात ठरतं, हे खरं. पण म्हणून काय कोणी तक्ते वाचत बसतं का? तुम्ही रंगीत चित्राची वाट बघा.

रंगीत चित्र येतंच. त्यात आभाळ निळंभोर असतं, झाडं लावल्या दिवसापासून दुमजली असतात आणि सहापदरी रस्त्यावर मोजून तीन गाड्या असतात. पुढच्या बाजूला एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडताना दिसते. मुलाच्या हातात लाल फुगा. चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलंत तर ती बाई जिथून ओलांडते आहे तिथे ना पट्टे आहेत, ना सिग्नल. पण इतक्या जवळून चित्र बघू नये. डोळ्यांना ताण पडतो.

मग सभा होते. दारातच तुमच्या हातात गोल स्टिकरांचा एक कागद ठेवतात: हिरवे आवडीचे, लाल नावडीचे. भिंतीला फलक टेकवलेले असतात. बाकडी लाकडी की दगडी? कारंजं हवं की शिल्प? तुम्ही मोकळ्या मनाने स्टिकर चिकटवा. लोकसहभाग म्हणतात तो हाच. 1969 साली शेरी अर्नस्टीन या अमेरिकन बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानायलाच तयार नव्हत्या. त्यांच्या लगतच्या वरच्या तीन, म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत घालणं, यांना त्यांनी दिखाऊ म्हटलं. खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून पुढे. एवढं चढून गुडघे कोणी दुखवून घ्यावेत? चौथ्या पायरीवरून फलक छान दिसतात.

अशा सभेत एखादे आजोबा हटकून असतात. ते मागच्या रांगेतून उठतात आणि विचारतात, "दुकानांत माल कुठून येणार? मोठा ट्रक कुठे वळणार?" या प्रश्नाने अख्ख्या योजनेचं कंबरडं मोडू शकतं, कारण माल उतरवण्याची जागा मागच्या गल्लीच्या तोंडाशी काढलेली असते आणि तिथे ट्रक पुढे-मागे केल्याशिवाय आत जात नाही. व्यासपीठावरून उत्तर येतं, "उत्तम मुद्दा. नोंद घेतली." आजोबा बसतात. त्यानंतर कारंज्यातल्या दिव्यांच्या रंगावर पाऊण तास चर्चा होते, आणि तुम्ही तीत हिरिरीने भाग घ्यायचा असतो.

आता वाहतूक अहवाल, म्हणजे संकुलामुळे रस्त्यावर गाड्या किती वाढतील याचा हिशेब. हा जाडजूड असतो, म्हणून फक्त सारांश वाचा. "परिणाम नगण्य" एवढे दोन शब्द सापडले की मिटून ठेवा. चुकूनही परिशिष्ट उघडू नका, कारण सगळी गंमत तिथे असते. हिशेब तसा पोरखेळ आहे. इतक्या क्षेत्रफळामागे इतक्या गाड्या, असा एक दर घ्यायचा आणि क्षेत्रफळाने गुणायचं. हे दर आले कुठून? दुसरीकडच्या संकुलांत केलेल्या मोजणीतून. त्यांतली बरीचशी अशी असतात की तिथे गाडीशिवाय पोचताच येत नाही. म्हणजे चालत येण्याची सोय नाही तिथे गाड्या मोजायच्या आणि माणसं गाडीनेच येतात असा निष्कर्ष काढायचा.

मग वजाबाकी सुरू होते. काही गिऱ्हाइकं त्या रस्त्याने तशीही जाणारच होती, जाता जाता थांबली; ती वजा. काही जण संकुलातल्या संकुलातच एका दुकानातून दुसऱ्यात गेले, तेही वजा. यात खोटं काही नाही, अशी माणसं असतातच. फक्त ती किती टक्के धरायची, हे ज्याने अहवालाचे पैसे दिले त्याच्या सल्लागाराने सुचवलेलं असतं. मोजणी कधी केली तेही विचारू नये. रस्त्यावर गाड्या मोजायच्या काळ्या रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या दिसतात ना, त्या बहुतेक मंगळवार-बुधवारी टाकतात. दुकानांत झुंबड शनिवारी उडते, पण शनिवारी सुट्टी असते.

चौकांना गुणपत्रिकाही मिळते, इंग्रजी 'ए'पासून 'एफ'पर्यंत. ही पद्धत अमेरिकेतल्या महामार्ग-क्षमतेच्या नियमपुस्तिकेत 1965 साली आली. सिग्नलवर गाडीला सरासरी 10 सेकंदांपर्यंत खोळंबा झाला तर 'ए', 80 सेकंदांच्या वर गेला की 'एफ'. यातलं 'सरासरी' फार उपकारक आहे. मोठ्या रस्त्यावरून हजार गाड्या सुसाट जातात आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वीस जण ताटकळतात. सरासरी काढली की ते वीस जण विरघळून जातात. चालणारा माणूस या हिशेबात धरलेलाच नसतो, त्याला गाडीच नाही म्हटल्यावर खोळंबा कसला? सगळ्यात सुखाची गोष्ट अशी की 'एफ'च्या खाली काहीच नाही. तुमचा चौक आज 'एफ' असेल तर संकुल झाल्यावरही 'एफ'च राहील. अहवाल लिहितो: "दर्जात कोणताही बदल नाही." नापास मुलाला आणखी किती नापास करणार!

"वाढ फक्त 5 टक्के" हे वाक्य दिसलं तर समाधानाने मान डोलवा. रांगेचं गणित मात्र डोक्यात येऊ देऊ नका. त्याच्या सर्वांत साध्या सूत्रात यंत्रणा 80 टक्के भरलेली असताना जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट 90 टक्क्यांवर लागतो आणि चौपट 95 टक्क्यांवर. म्हणजे रिकाम्या रस्त्यावर 5 टक्के हे 5 टक्केच असतात. काठोकाठ भरलेल्या चौकात तेच 5 टक्के तुमच्या रात्रीच्या झोपेपर्यंत येतात. पण नगण्य म्हटलंय ना? मग नगण्य.

इतकं होऊनही तोंड उघडायची हुक्की आलीच, तर दोन मागण्या खणखणीत आवाजात करा. विकासकाचीही त्यांना हरकत नसते. पहिली: रस्ता रुंद करा. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 सालीच सांगितलं होतं की शहरातला गर्दीच्या वेळचा द्रुतगती मार्ग जेवढा वाढवाल तेवढा भरतो. 2011 साली ड्युरान्टन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन शहरांची आकडेवारी तपासली, तर महामार्ग ज्या प्रमाणात वाढले जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढली होती. 1968 साली डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने तर कागदावर दाखवून दिलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. हे सगळं परदेशी लोकांचं झालं. तुमचा रस्ता वेगळा आहे. त्यावर तुम्ही गाडी चालवता.

दुसरी मागणी: पार्किंग वाढवा, आणि फुकट द्या. जागा फुकट मिळाली की गाडी काढायला बळ येतं, गाड्या आल्या की चौक तुंबतो, चौक तुंबला की रस्ता रुंद करा म्हणून पहिल्या मागणीकडे परत येता येतं. एकदा हे चक्र फिरू लागलं की पुढच्या सगळ्या सभांचे विषय तयार.

एक जोडमागणीही आहे, ती मात्र कुजबुजत करावी. आमची गल्ली बंद करा. आमचीच, शेजारची नको. शॉर्टकट शोधणाऱ्या गाड्या कुठेतरी जाणारच, त्या पलीकडच्या गल्लीत जाव्यात. पलीकडच्यांनीही हेच पत्र दिलेलं असतं. दोन गल्ल्या आपसात भांडत असल्या की विकासकाचा प्रतिनिधी शांतपणे फोन बघू शकतो. त्या बिचाऱ्यालाही कामं असतात.

आणि हो, तारीख विचारू नका. चौक सुधारू, नवा सिग्नल बसवू, बसथांबा आत घेऊ असं आश्वासन मिळेल. पण पहिलं दुकान उघडायच्या आधी की नंतर, हे परवानगीच्या अटीत लिहून घ्या असं म्हणणारा माणूस सभेतला सगळ्यात खडूस माणूस ठरतो. "दुसऱ्या टप्प्यात" हे उत्तर गोड मानून घ्या. या टप्प्याला थोर परंपरा आहे. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकारांनी अमेरिकेतल्या इडायना गावात साउथडेल हा पूर्ण बंदिस्त मॉल उभारला, तो 1956 साली उघडला. त्यांच्या मनातल्या आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, बाग, तळं असं आख्खं गाव होतं. मॉल झाला, त्याच्याभोवती पार्किंग पसरलं आणि गाव काही त्यांच्या मनासारखं झालं नाही. पुढे 1978 साली त्यांनी या मॉलांचं पितृत्वच नाकारलं. बापाने हात झटकले तरी पोरं जगभर फोफावली.

संकुल उघडेल त्या दिवशी तुम्ही जाणारच. विरोधात सही केली होती म्हणून काय झालं, सूट तर सर्वांनाच आहे. संध्याकाळी बाहेर पडताना तुमची गाडी तळघराच्या उतारावर अडकेल. सिग्नल तिसऱ्यांदा हिरवा होऊन लाल होईल. पुढे एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी मागे-पुढे, मागे-पुढे करत असेल, आणि फुटपाथवर पिशवी घेऊन उभे असलेले ते आजोबा तुम्हाला ओळख दाखवतील. हॉर्न वाजवून झाल्यावर वेळ जात नसेल, तर समोरच्या रिकाम्या जागेच्या पत्र्यावर चिकटवलेली नोटीस वाचा. अक्षर बारीक असतं, पण तुमच्याकडे वेळ भरपूर आहे. तिथेही काहीतरी होणार आहे. हरकती आणि सूचना येत्या शुक्रवारपर्यंत. नुसताच काळापांढरा नकाशा, चार रकान्यांचा तक्ता.

राहू द्या. रंगीत चित्र येईलच.