‘लाईट गेली’ म्हणणाऱ्यांचं काय चुकतं?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: लाईट म्हणजे उजेड. जाते ती वीज, उजेड नव्हे. तरी आपल्याकडची माणसं ‘लाईट गेली’, ‘लाईटबिल’, ‘लाईटीचा खांब’ म्हणत सुटतात. जगात कुठंही विजेला लाईट म्हणत नाहीत, इंग्रज माणूस ऐकेल तर हसेल. ‘वीज’ हा शुद्ध आणि नेमका शब्द असताना हा अडाणीपणा कशाला? आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

एरवी मी असलं काही वाचून सोडून देतो. पण माझ्या भाचीला याच मुद्द्यावरून वर्गात उभं केलं होतं. “काल लाईट नव्हती, म्हणून गृहपाठ राहिला,” एवढंच ती म्हणाली होती. सगळा वर्ग हसला. घरी आल्यावर तिनं विचारलं, “मामा, आपण सगळेच चुकीचं बोलतो का?” तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्या आजीपासून वायरमनपर्यंत सगळे असंच बोलतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

पहिला मुद्दा, लाईट म्हणजे फक्त उजेड. हे इंग्रजीतसुद्धा खरं नाही. लाईट म्हणजे उजेड, तसाच दिवाही, चौकातला सिग्नलही. सिगारेट हातात धरून कुणी लाईट मागितला तर त्याला काडेपेटी हवी असते. पेटवणं या क्रियेलाही लाईटच म्हणतात. क्रिकेटमध्ये बॅड लाईटमुळं खेळ थांबतो तो दिवसाचा उजेड कमी पडल्यानं. हलक्या वजनाचा लाईट तर मुळात वेगळाच शब्द आहे, दोघांचं स्पेलिंग फिरत फिरत एक झालं एवढंच. उजेडाच्या लाईटचं नातं संस्कृतातल्या ‘रुच्’ म्हणजे चमकणे या धातूशी लागतं आणि हलक्या लाईटचं आपल्या ‘लघु’शी. एका शब्दाला एकच अर्थ असतो, हा या मजकुराचा पायाच कच्चा आहे.

दुसरा मुद्दा जगाचा, आणि इथं मजकूर लिहिणाऱ्यानं जग पाहिलेलंच नाही. स्पॅनिशमध्ये ‘लुस’ म्हणजे उजेड. मेक्सिकोत किंवा स्पेनमध्ये वीज गेली की लोक म्हणतात, “से फुए ला लुस.” शब्दाला शब्द ठेवला तर ‘लाईट गेली’. त्यांच्याकडंही ती स्त्रीलिंगीच. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारा माणूस महिन्याचं बिल भरतो त्याला तो ‘कोंता दे लुस’ म्हणतो, म्हणजे लाईटबिल. रशियन लोक वीज कापली गेली की ‘स्व्येत’ बंद केला म्हणतात, आणि स्व्येत म्हणजे उजेड. या तिन्ही भाषांनी इंग्रजीकडून काही उसनं घेतलेलं नाही. आपापल्या घरातला उजेडाचा शब्द त्यांनी विजेला दिला.

इंग्रजी बोलणाऱ्यांत तरी काय आहे? नायजेरियात वीज नसली की सरळ ‘नो लाईट’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘लाईट बिल’ हा घराघरातला शब्द आहे. तिथल्या एका मोठ्या वीज कंपनीचं नावच फ्लोरिडा पॉवर अँड लाईट. आणि कॅनडाचं उदाहरण सातारकरांनी तर जरूर ऐकावं. तिथं बऱ्याच प्रांतांत विजेला ‘हायड्रो’ म्हणतात. हायड्रो बिल आलं, हायड्रो गेली, हायड्रोचा खांब पडला. कारण त्यांची वीज पाण्यावर तयार व्हायची. म्हणजे पाटण तालुक्यातल्या माणसानं विजेलाच ‘कोयना’ म्हणावं तसं. कोयनेचा जलविद्युत प्रकल्प १९६२ साली सुरू झाला, आज त्याची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. कॅनडातल्या माणसाला कुणी अडाणी म्हणत नाही.

उजेडाचंच नाव सगळीकडं का चिकटलं, याचं उत्तर इतिहासात आहे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचं पर्ल स्ट्रीट केंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर सुमारे ४०० दिवे लागले. त्या कंपनीच्या नावात ‘इल्युमिनेटिंग’ होतं, म्हणजे उजेड पाडणारी. गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते उजेडाचे. कारखान्यातली मोटर, घरातला पंखा ही पुढची गोष्ट.

आमच्या गावातही क्रम हाच. वडील सांगायचे, आधी देवळाजवळच्या खांबावर एक बल्ब लागला, मग घरटी एकेक. विहिरीवर तेव्हा मोट होती, नंतर डिझेलचं इंजिन आलं, आणि मग कुठं मोटर. मोटर येईपर्यंत शब्द ठरून गेला होता. गावात जे आलं ते उजेडाच्या रूपानं आलं, म्हणून ती लाईट. समोर जे दिसलं त्याला लोकांनी नाव दिलं, यात अडाणीपणा मला तरी दिसत नाही.

तिसरा मुद्दा, वीज हा शुद्ध आणि नेमका शब्द. वीज मलाही प्रिय आहे, लिहिताना मी तोच वापरतो. पण तो नेमका कधी झाला? वीज म्हणजे मुळात आभाळात कडाडते ती. संस्कृत ‘विद्युत्’, प्राकृतात ‘विज्जु’, मराठीत ‘वीज’. तारेतून वाहणाऱ्या शक्तीला आपण आभाळातल्या विजेचं नाव दिलं, म्हणजे हाही ओढून आणलेलाच अर्थ. आणि विद्युत् कशापासून? ‘द्युत्’ धातूपासून, ज्याचा अर्थ चमकणे, प्रकाशणे. शुद्ध म्हणून पुढं केलेल्या शब्दाच्या पोटातही उजेडच निघतो! इंग्रजीतला इलेक्ट्रिसिटी तरी काय, ग्रीक ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर नावाचा पिवळा खडा, त्यावरून पडलेला. अंबर घासला की कस्पटं ओढतो, एवढ्या ओळखीवर जगानं तो स्वीकारला.

उलट वीज हाच शब्द दोन्हीकडं लागत असल्यानं कधी कधी घोटाळा होतो. मे महिन्यात वळवाच्या पावसात शेजारच्या वस्तीवरून “वीज आली” असं कुणी ओरडलं, तर माणूस आधी आभाळाकडं बघेल. “लाईट आली” म्हटलं की स्टार्टरकडं बघेल. आमच्या भागात आभाळातली ती वीज आणि तारेतली ती लाईट, अशी वाटणी होऊन गेली आहे.

अशीच वाटणी दिव्याची. तिन्हीसांजेला “दिवा लावला का गं?” असं आई विचारते तेव्हा ती देवापुढच्या दिव्याचं विचारते. “लाईट लाव” म्हणते तेव्हा बटणाचं. दिवा विझला असं आपण सहसा म्हणत नाही, मालवला म्हणतो, कारण त्या शब्दामागं शुभ-अशुभ उभं असतं. लाईटला तसलं काही नाही, दिवसातून दहा वेळा घालवा. ‘दिवा’ या शब्दाचा मान राखायला उलट लाईटनं मदतच केली आहे.

आता राहिला आरोप ढिसाळपणाचा. पंप काय उजेडावर चालतो का, असं मजकुरात खवचटपणे विचारलं आहे. ज्याला रात्री दोनला उठून बागेत पाणी धरावं लागत नाही त्यानंच हे विचारावं. शेतकऱ्याची ही भाषा बारकाव्यांनी भरलेली आहे. ‘दिवसाची लाईट’ आणि ‘रात्रीची लाईट’ म्हणजे शेतीपंपांच्या पुरवठ्याच्या पाळ्या. ‘सिंगल फेज लाईट आहे’ म्हणजे घरातले बल्ब चालतील, मोटर लावू नको. ‘लाईट आहे पण दाब नाही’ म्हणजे व्होल्टेज कमी, मोटर जळेल. ‘लाईट गेली’ आणि ‘डीपी गेली’, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मरच जळाला, यांत तर तासांचा आणि दिवसांचा फरक असतो. विट्यात यंत्रमागावर बसणारा माणूस असंच बोलतो. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या थकीत बिलाची बातमी पेपरात ‘वीजबिल’ म्हणून येते, पारावर तिचं ‘लाईटबिल’ होतं, आणि अर्थ कुणाचाही चुकत नाही.

व्याकरणही बघा. आमच्याकडं गाडीचा लाईट फुटतो, पण घरातली लाईट जाते. वस्तू असेल तर पुल्लिंगी, पुरवठा असेल तर स्त्रीलिंगी. माझ्या मते हे लिंग विजेकडूनच आलं असावं. मग ‘लाईटीचा खांब’, ‘लाईटीवर चालतं’ अशी रूपं तयार झाली, जशी मराठी स्त्रीलिंगी शब्दांची होतात. ही कारागिरी कुठल्या समितीनं केली नाही, बोलणाऱ्यांनी केली.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. इंग्रजीच्या पेपरात आपलं वाक्य तसंच्या तसं लिहिलं, तर वाचणाऱ्याला एखादा दिवा बंद पडला किंवा अंधारून आलं असं वाटेल. तिथं पॉवर म्हणावं. भाचीला मी हे सांगितलं. तिनं वहीत दोन रकाने आखले, एकात इंग्रजीसाठी पॉवर लिहिलं, दुसऱ्यात मराठीसाठी लाईट आणि वीज. मग विचारलं, “सरांना लुस सांगू का?” म्हटलं, “सांग की.”