‘उगाच बाऊ’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शिवून पूर्ण झालेल्या क्विल्टवरून (दोन कापडांमध्ये भरण घालून टाके घातलेली गोधडी) मार्किंगचा, म्हणजे टाक्यांच्या रेघा आखायचा खडू कसा काढायचा, या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश देते. आपलं म्हणणं असं, की क्विल्ट एकदा मशीनमध्ये टाकला की खडू निघतो, लेखात त्याचा ‘उगाच बाऊ’ केलाय. व्हिनेगरचं प्रमाण दिलेलं नाही. मेणाच्या खडूला ब्रशने काही होत नाही. उष्णतेने उडणारी पेनं मिळत असताना खडू हवाच कशाला. आणि शेवटी, ‘दोन क्विल्ट शिवले की सगळे शिकवायला निघतात, जरा अभ्यास करून लिहावं.’

व्हिनेगरचं आधी घेते, कारण तिथे आपलं बरोबर आहे. प्रमाण लिहायचं राहिलं होतं. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग गार पाणी. लेखात आता घातलंय. बरोबर असेल ते मान्य करायला मला जड जात नाही. आपण एवढंच लिहिलं असतं तर मीही एका ओळीत आभार मानून मोकळी झाले असते.

पण आपण तेवढ्यावर थांबला नाहीत. ‘दोन क्विल्ट’ म्हणालात.

माझे वडील शिलाईकाम करायचे. खडूच्या वडीला कडेने धार कशी लावायची हे मी सुईत दोरा ओवण्याआधी शिकले. गिऱ्हाइकाच्या गडद कोटावर राहिलेली पांढरी रेघ म्हणजे बोलणी खायचं काम, त्यामुळे ती काढण्यात त्यांचा हात बसलेला होता. पाण्याला ते शेवटपर्यंत हात लावत नसत. त्याच कापडाची कातरण घ्यायची, रेघेवरून झटकायची, उलट बाजूने टिचक्या मारायच्या, की पुन्हा झटकायचं. पुढे मी क्विल्टिंग शिकले, शिकवू लागले, लोकांचे बिघडलेले क्विल्ट दुरुस्तीला माझ्याकडे येऊ लागले. हे मिरवायला सांगत नाही. अभ्यासाचा विषय आपण काढलात, म्हणून सांगावं लागतंय. आणि एक विचारते: अनोळखी माणसाच्या घरी जाऊन आपण याच भाषेत बोलला असतात का?

असो. मुद्द्याचं वाक्य एकच आहे, ‘धुतला की खडू निघतो.’

निघतो. नुसत्या कापडावरचा निघतो, हलक्या हाताने ओढलेला निघतो, पांढरा बहुतेक वेळा निघतो. पण लेख ‘हट्टी’ खुणांबद्दल होता आणि पूर्ण झालेल्या क्विल्टबद्दल होता, हे शीर्षकातच लिहिलं होतं. क्विल्टवर आपण रेघ ओढतो ती टाका नेमका तिच्यावरूनच जावा म्हणून. म्हणजे शिवून झाल्यावर दोरा खडूच्या डोक्यावर बसलेला असतो. सुई प्रत्येक टाक्याला थोडी भुकटी भोकातून खाली, बॅटिंगमध्ये, म्हणजे मधल्या भरणात नेते. टाका आवळला की कापडात बारीक खाच पडते आणि उरलेली भुकटी तिथे जाऊन बसते. कोटावरची रेघ उघड्यावर असते, क्विल्टवरची दोऱ्याखाली दडलेली असते. हा फरक लक्षात न घेता ‘मशीनमध्ये टाका’ म्हणणं सोपं आहे.

आता त्या खाचेत पाणी गेलं की काय होतं? शिंप्याच्या खडूत बहुतेक वेळा चिकणमाती किंवा शंखजिरं असतं. दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. भुकटीचा लगदा होतो. वरवरचा लगदा पाण्याबरोबर वाहून जातो, पण दोऱ्याखालचा आत दाबला जाऊन धाग्यांच्या मध्ये वाळतो. कोरडी असताना हीच भुकटी कापडाला जेमतेम धरून असते. म्हणून मी लिहिलं, आधी कोरडं. दात घासायचा मऊ, जुना ब्रश घ्यायचा आणि खाचेच्या दिशेने चालवायचा, आडवा नाही. आडवा चालवला की दोऱ्याचे तंतू सुटतात. मग क्विल्ट उलटा करून मागून थापट्या मारायच्या. व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मोजा बांधून रेघेवरून फिरवलं तर बरीच भुकटी ओढली जाते आणि टाके खेचले जात नाहीत. बॅटिंगचा उरलेला तुकडा तर या कामाला फारच गुणी, भुकटी धरून ठेवतो. ती कात्रणं फेकू नका असं मी दर वेळी सांगते, आणि लोक दर वेळी फेकतात.

एवढं करूनही राहिलं तर ओलं. गार पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, पांढरं फडकं, आणि टिपायचं, घासायचं नाही. इथेच व्हिनेगर येतं. खडू कॅल्शियम कार्बोनेटचा असेल तर सौम्य आम्लात तो विरघळतो. शंखजिऱ्यावर व्हिनेगरचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे ‘व्हिनेगर लावलं, काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी खडू कशाचा होता ते पाहावं. कापडाचा रंग टिकतो का, हेही कोपऱ्यात तपासून घ्यायचं. लेखात हे सगळं होतं.

आणि रंगीत खडू? पांढऱ्याचा आणि त्याचा हिशोब वेगळा आहे. त्यात रंगद्रव्य असतं. कोणीतरी मला सुतारकामाच्या दोरीची लाल पूड वापरलेला क्विल्ट दाखवला होता, रेघ छान ठळक उमटते म्हणून. त्या लाल पुडीत लोहाचं ऑक्साइड असतं. ते पाण्यात जात नाही, साबणाने जात नाही, ब्लीचनेही जात नाही, आणि त्या नादात शेजारच्या कापडाचा रंग तेवढा उडतो. तो क्विल्ट तीनदा धुऊन झाल्यावर माझ्याकडे आला. धुतला की निघतो, नाही का?

तुमच्या क्विल्टवरचा खडू धुऊन गेला याचा अर्थ एवढाच, की तुमचा खडू साधा होता आणि हात हलका होता. छान झालं. त्यावरून सगळ्यांच्या क्विल्टचा निकाल लावायचं कारण नाही.

शिवाय अख्खा क्विल्ट पाण्यात घालणं हा काही फुकटचा उपाय नव्हे. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. कापड आधी धुतलेलं नसेल तर तेही आटतं. त्या सुरकुत्या अनेकांना आवडतात, मलाही आवडतात, पण भिंतीवर टांगायच्या क्विल्टवर त्या नको असतात. गडद लाल कापड न धुता वापरलं असेल तर शेजारचा पांढरा चौकोन गुलाबी होतो, आणि मग खडूची रेघ बरी होती असं वाटायला लागतं. धुऊन झाल्यावर लोक ड्रायर लावतात किंवा थेट इस्त्री फिरवतात. डाग पूर्ण गेला की नाही हे न पाहता दिलेली उष्णता ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रंगीत खडू असेल, त्यात मेण असेल, तर तो तिथेच पक्का होतो. म्हणून धुवायचाच तर गार पाण्यात, रंग शोषणारा कागद टाकून, सावलीत वाळवून, दिवसाच्या उजेडात रेघा तपासून, आणि मगच इस्त्री. याला तुम्ही बाऊ म्हणता. ज्या बाईने महिनोन्‌महिने हाताने टाके घातलेत, तिला विचारून बघा ती काय म्हणते.

मेणाच्या खडूबद्दल: लेख त्यावर नव्हता. टिपकागद ठेवून हलक्या इस्त्रीने मेण ओढलं जातं, हे खरं. पण मेण गेलं तरी त्यातला रंग मागे राहू शकतो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. तोवर फिकट कापडावर मेणाचा खडू वापरू नका, म्हणजे प्रश्नच येणार नाही.

पेनांबद्दलही फार लिहीत नाही. उष्णतेने उडणारी ती शाई सुमारे ६० अंशांना दिसेनाशी होते, जात नाही. तापमान उणे १० ते उणे २० अंशांच्या आसपास उतरलं की रेघा पुन्हा उमटू लागतात. क्विल्ट थंड प्रदेशात पाठवायचा असेल तर हा विचार आधी करावा. गडद कापडावर तिचा फिकट ओरखडा मागे राहतो, तो वेगळाच. ज्यांना ती पेनं आवडतात त्यांनी खुशाल वापरावी, मी कोणाच्या हातातून हिसकावून घेतलेली नाहीत.

‘लेख लांबला आहे’ असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. त्यावर काय बोलणार. दोन ओळींत उत्तर हवं असणाऱ्यांसाठी तुमची प्रतिक्रिया आहेच.

मी ती काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. फक्त पुन्हा लिहाल तेव्हा खडू कोणता होता, कोणत्या रंगाचा, कापड आधी धुतलेलं होतं का, बॅटिंग सुती की पॉलिएस्टर, आणि टाके हाताचे की मशीनचे, एवढं लिहा. ते कळल्याशिवाय ‘आमचा तर निघाला’ याचा इतरांना काडीचा उपयोग नाही.