शेजारी दुसरं योक होतं, तरी विमान नाकावर का पडलं?

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो या आठवड्यात तीनदा आला. रनवेवर नाक टेकून पडलेलं छोटं विमान, वाकलेला पंखा आणि खाली मजकूर: ट्रेनिंगच्या विमानाला लँडिंगला अपघात झाला म्हणजे मास्तरचं लक्ष नव्हतं, कारण त्याच्यापुढेही दुसरं स्टिअरिंग, म्हणजे योक, असतं, पंखा वाकला म्हणजे इंजिन बंद पडलं होतं, ही विमानं भंगार आहेत, पोरांना आधी सिम्युलेटरवर पक्कं करा. काल शेजारच्या ताई हाच मेसेज घेऊन घरी आल्या. मुलगा पुढच्या महिन्यात विमान शिकायला जातोय. "मंग मास्तर बाजूले बसून काय करते जी भाऊ?" असं त्यांनी विचारलं. मी त्या उजव्या सीटवर २२ वर्षं बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सेसना १५२ या शिकाऊ विमानात दोन्ही योक एकमेकांना जोडलेली असतात, हे खरं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतही मास्तरच्या पायाशी ब्रेक असतो. पण गाडी ब्रेक मारला की थांबते. जमिनीपासून चार फुटांवरचं विमान थांबवता येत नाही. ते साधारण ६० नॉटने येतं, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. पंधरा-वीस फुटांवर आलं की नाक हळूहळू उचलत वेग मारायचा, हा फ्लेअर. तो चुकला की चाकं जोरात टेकतात आणि विमान उसळतं. पोरगं घाबरून योक पुढे ढकलतं, आणि घात इथेच होतो. विमान आता नोज व्हीलवर, म्हणजे नाकाखालच्या चाकावर, आदळतं, पुन्हा उसळतं, आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट. मागच्या मुख्य चाकांचे पाय स्प्रिंगसारखे लवचिक पोलादी असतात, ते मार खातात. नोज व्हीलचा पाय तसा मार खायला बनवलेलाच नसतो. हे सगळं काही सेकंदांत आटोपतं.

माझ्या हातूनही एकदा झालं, नागपूरबाहेरच्या एका शाळेत. माझी बोटं योकला लागून होती, पाय पेडलवर होते, लक्ष कुठेही गेलं नव्हतं. आधीची सहा लँडिंग त्या पोरानं सुरेख केली होती, म्हणून सातव्याला मी अर्धा सेकंद जास्त थांबलो. "माय कंट्रोल", म्हणजे विमान आता माझ्या हातात, म्हणत योक धरलं, तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापासून ताठ झाले होते. मी मागे ओढतोय, तो पुढे रेटतोय. थ्रॉटल पूर्ण उघडेपर्यंत नोज व्हील आदळलं होतं. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. त्या अर्ध्या सेकंदाची जबाबदारी माझी होती, आणि तसं मी लिहून दिलं. पण झोपलेला मास्तर आणि अर्धा सेकंद उशीर झालेला मास्तर, हे दोघे एक नव्हेत.

मग आधीच हात का घालत नाही? कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून. सोलोला, म्हणजे एकट्यानं उडताना, शेजारची सीट रिकामी असते. प्रत्येक उसळी मीच सावरली, तर त्या दिवशी ती कोण सावरणार?

पंख्याचं म्हणाल, तर फोटोत दोन्ही पाती वाकलेली आहेत. म्हणजे जमिनीला लागताना पंखा फिरत होता. इंजिन बंद पडल्याचा पुरावा तो फोटो देत नाही. भंगाराचं म्हणाल, तर सेसना १५२ चं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं, त्यामुळे वय चाळिशीच्या आसपास किंवा पुढचंच असणार. पण विमानाचं वय उड्डाणाच्या तासांवर आणि तपासण्यांवर मोजतात, आणि अशा उसळीनं कोरं विमानही नाकावर पडतं.

सिम्युलेटर प्रक्रिया शिकायला उत्तम आहे, जरूर वापरावा. फक्त शेवटच्या दहा फुटांत डोळ्याच्या कडेनं वर येणारी जमीन आणि सीटखाली विमान बसत चालल्याची जाणीव त्यात नीट मिळत नाही. आपल्याकडचं ऊनही मिळत नाही. नागपूरचं सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे, पण मे महिन्यात ४५ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण १,५०० मीटरवर उडतोय असंच वाटतं. काटा तोच वेग दाखवतो, जमीन मात्र जास्त वेगानं मागे पळते. त्यात भर नांगरलेल्या काळ्या मातीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या झोतांची. म्हणून उन्हाळ्यात शिकाऊंची सर्किट, म्हणजे उडून फेरी मारून पुन्हा उतरण्याचा सराव, सकाळी लवकर करावीत.

मेसेज पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, हे मला दिसतं. ताईंना मी चार प्रश्न लिहून दिले, शाळेत जाऊन विचारायला: मास्तर दिवसाला किती तास उडतो? दुपारी शिकाऊ सर्किट होतात का? उसळी आली की गो-अराउंड घ्यायचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं, हे पहिल्या सोलोआधी किती वेळा करून घेता? आणि पोरानं स्वतःहून गो-अराउंड घेतला, तर त्याला शाबासकी देता की वाया गेलेल्या पेट्रोलचा हिशोब दाखवता?