नौपाड्यातल्या तीन बेडरूमच्या जुन्या फ्लॅटबद्दल आलेल्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीतला तीन बेडरूमचा फ्लॅट तुम्ही आमच्यामार्फत भाड्याने घेतलात. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की इमारत पुनर्विकासाला जाणार हे आम्ही लपवलं, बाथरूमच्या भिंतीला ओल आहे, दोन एसी एकदम लावले की फ्यूज उडतो, लिफ्ट नाही आणि एवढं असून ब्रोकरेज पूर्ण महिन्याचं घेतलं. इमारतीचं नाव आणि भाड्याचा आकडा मी इथे लिहिणार नाही, तो तुमचा आणि घरमालकांचा खाजगी व्यवहार आहे. बाकीचं उत्तर मात्र सगळ्यांसमोर देतो, कारण लपवाछपवीचा आरोपही सगळ्यांसमोर झालाय आणि तो मला मान्य नाही.

आधी तोच विषय घेतो. ठाण्याची महापालिका १९८२ साली झाली, ही इमारत त्याआधीची, नगरपालिकेच्या काळातली आहे. नौपाडा, विष्णूनगर, घंटाळी भागात या वयाच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा नाही असं क्वचितच सापडेल. तुम्हाला फ्लॅट दाखवला तेव्हा सोसायटीने सल्लागार नेमायचा ठराव केला होता. विकासक ठरला नव्हता, आजही ठरलेला नाही. हे मी तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना त्या हॉलमध्येच सांगितलं होतं आणि पुढे कराराचं एक अख्खं कलम त्यावरच घातलं. कृपया करार काढून बघा. सोसायटीने घर रिकामं करायची नोटीस काढली तर तुम्हाला दोन महिन्यांची मुदत मिळेल, सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढा काळ घर न सोडण्याची अट, लागू होणार नाही आणि चावी द्याल त्याच दिवशी पूर्ण डिपॉझिट परत मिळेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. घरमालक या कलमाला सहजासहजी तयार नव्हते. त्यांची समजूत घालूनच ते आत आलं.

एवढा आग्रह का धरला तेही सांगतो, इतरांनाही उपयोग होईल. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर, राहणाऱ्याला पुनर्विकासात काहीही मिळत नाही. काम चालू असताना विकासक जे भाडं देतो ते सभासदाला, म्हणजे घरमालकाला मिळतं. पागडीच्या भाडेकरूचे हक्क वेगळे, तुमच्यासारख्या कुटुंबाचे वेगळे. जुन्या इमारतीत राहायला येणाऱ्याचं संरक्षण त्याच्या करारात जेवढं लिहिलंय तेवढंच असतं. छापील नमुन्यात असलं कलम नसतं, ते मुद्दाम घालून घ्यावं लागतं.

आणि घाबरून जाण्याचं कारण नाही. सल्लागाराचा अहवाल, मग निविदा, मग विकासक निवडायची विशेष सर्वसाधारण सभा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा अधिकारी हजर असावा लागतो आणि तिचं चित्रीकरण होतं. त्यानंतर विकास करार, महापालिकेची मंजुरी, आणि मग कुठे घरं रिकामी करायची पाळी येते. यात बराच काळ जातो, तुमचा करार तर अकरा महिन्यांचाच आहे. इमारत धोकादायक असती तर गोष्ट वेगळी होती. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. या सोसायटीने ते केलंय आणि इमारत सी-२बी वर्गात आहे, म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्ती करता येते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची इमारत. तसल्या इमारतीतलं घर आम्ही दाखवत नाही, भाडं कितीही चांगलं मिळत असलं तरी.

आता ओलीचं. ही तक्रार खरी आहे आणि घरात लहान मूल असताना भिंतीला ओल असणं किती त्रासाचं असतं याची मला पूर्ण जाणीव आहे. पाणी पावसाचं नाही, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवतालून येत होतं. पावसाचं किंवा बाहेरच्या सामायिक पाइपचं पाणी असतं तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, खर्च सोसायटीचा. बाथरूममधली गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची असते. वरचे सभासद परगावी असतात, त्यामुळे संमती यायला वेळ गेला. सेक्रेटरींनी पाठपुरावा केला, गेल्या आठवड्यात वरच्या लाद्या काढून वॉटरप्रूफिंग झालं, ४८ तास पाणी भरून ठेवलं, खाली थेंब आला नाही. म्हणजे गळती थांबली आहे. डाग लगेच जाणार नाही, कारण मुरलेलं पाणी प्लॅस्टरमधून सुकायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात तर जास्तच. ओल्या भिंतीवर रंग मारला तर महिन्याभरात पोपडे येतील. म्हणून रंगकाम दसऱ्यानंतर, घरमालकांच्या खर्चाने, असं ठरलंय.

या ओलीपायी डिपॉझिटमधून एक रुपयाही कापला जाणार नाही. ताबा देताना आपण प्रत्येक खोलीचे फोटो काढून घराच्या स्थितीची यादी केली होती, फोटोत तो डाग दिसतो आणि त्या यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत.

विजेबद्दल. त्या घरात एसीचा पॉइंट एकच आहे, मोठ्या बेडरूममध्ये, आणि यादीत तसं नोंदवलंय. वायरिंग बरंच जुनं आहे. दीड टनाचे दोन एसी आणि त्यात गीझर चालू झाला की पाच किलोवॅटच्या आसपास भार जातो. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो बघा, तो या पाच किलोवॅटच्या निम्माही नाही. फ्यूज उडतो ते चांगलंच आहे, न उडता वायर तापली असती तर मला जास्त काळजी वाटली असती. कृपया जाड तार घालून फ्यूज बांधू नका, कुणी वायरमन म्हणाला तरी नाही. भार वाढवून मीटरपासून एमसीबीसह (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) वेगळी लाइन ओढायला घरमालक तयार आहेत, फक्त अर्जावर त्यांची सही लागते. ती मी आणून देतो.

लिफ्ट नाही हे पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

ब्रोकरेज आम्ही एक महिन्याचं घेतो, तुमच्याकडून आणि घरमालकांकडूनही, दोघांना पावती देतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती लागतेच आणि जबाबदारी घरमालकाची असते. तुमचा करार नोंदलेला आहे. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरली, त्याच्या पावत्या तुमच्याकडे आहेत. त्यावर आम्ही काही लावलं नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंत की नुसतं राम मारुती रोडचं नाव विकलं. मॅडम, ते घर मला स्वतःला आवडतं म्हणून मी तुम्हाला दाखवलं. बावीस फुटी हॉल, दोन्ही बाजूंनी वारा, स्वयंपाकघरात दोघींना एकदम उभं राहता येईल असा ओटा, सासूबाईंना चालत घंटाळी देवीच्या देवळात जाता येतं. तुम्हाला तीन खोल्या स्वतंत्र हव्या होत्या आणि मिस्टरांना स्टेशन चालत हवं होतं. त्या बजेटमध्ये याच भागातल्या नव्या टॉवरमध्ये दोन बेडरूम मिळतात, लिफ्ट आणि पार्किंगसह, पण खोल्या लहान. ते दोन्ही पर्याय तुम्ही बघितले होते आणि जागा मोठी म्हणून हे घर निवडलंत.

तरीही मन लागत नसेल तर घरमालकांशी माझं बोलणं झालंय. एक महिन्याची नोटीस द्या, लॉक-इनची रक्कम ते मागणार नाहीत. पाचपाखाडीत लिफ्टचे दोन फ्लॅट सध्या रिकामे आहेत, तुम्हाला दाखवतो आणि त्याचं ब्रोकरेज घेणार नाही. राहायचं ठरवलंत तर भार वाढवण्याच्या अर्जाचं काम याच आठवड्यात सुरू करू, त्यासाठी तुमच्या ताज्या वीजबिलाचा फोटो तेवढा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.