‘श्वास रोखू नका’ एवढ्याने भागत नाही : बीपी आणि वजनांबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला राग रास्त आहे. इतर वाचकांसाठी, बीपी आणि वजनांच्या व्यायामावरच्या माझ्या लेखाबद्दलचे तुमचे मुद्दे आधी थोडक्यात सांगतो. पहिला मुद्दा : ‘बीपी असलेल्यांनी वजनं जरूर उचलावीत’ असं लेखात लिहिलं, पण लेग प्रेस (यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलणं) करताना रक्तदाब ३२०/२५० पर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे, ते का लिहिलं नाही? दुसरा : लेख म्हणतो उचलताना श्वास सोडा, ट्रेनर म्हणतो श्वास भरून पोट घट्ट धरा, नाहीतर कंबर जाईल. वडिलांनी ऐकायचं कुणाचं? तिसरा : वडील ५८ वर्षांचे, टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्या चालू, घरी वरचा आकडा १३८ ते १४६, गुडघा आणि खांदा दुखतो, डॉक्टर म्हणाले ‘जड उचलू नका’, आणि जिममध्ये पहिल्याच आठवड्यात त्यांना लेग प्रेसवर बसवलं. ते करायचं की नाही?

तो आकडा खरा आहे आणि लेखात यायला हवा होता. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या धमनीत नळी बसवून तो मोजला. दोन्ही पायांची लेग प्रेस, जड वजन, आणि पुढचा रेप (वजन एकदा ढकलून परत आणणं) निघेनासा होईपर्यंत सेट, म्हणजे न थांबता सलग काढलेले रेप. शिखराची सरासरी ३२०/२५० आली, एकाची तर ४८०/३५० च्या वर. वजन खाली गेल्यावर हा दाब काही सेकंदांत उतरतो. म्हणूनच सेट झाल्यावर दंडाला पट्टा बांधून ‘बघा, १५० च आहे’ म्हणण्याला अर्थ नाही. पट्टा फुगेपर्यंत शिखर निघून गेलेलं असतं.

दाब इतका का चढला, हे नीट पाहिलं की वडिलांसाठी काय बदलायचं ते कळतं. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. ते जोरात आवळले की त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि हृदयाला त्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. सेट लांबला की दाब रेपागणिक चढत जातो, त्यामुळे सर्वांत मोठा आकडा शेवटच्या, अडखळत काढलेल्या दोन-तीन रेपांमध्ये असतो. त्यात श्वास रोखून कुंथलं की छातीतला दाब थेट त्यावर चढतो. कुंथणं लांबलं, तर हृदयाकडे परतणारं रक्त कमी होऊन दाब घसरतो आणि श्वास सुटताच पुन्हा उसळतो. डोळ्यांपुढे अंधारी येते ती या चढउतारात. म्हणजे वजन, सेट कुठवर ताणला आणि श्वास, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी टोकाला नेल्या की ३२० होतो.

आता ट्रेनरचं म्हणणं. तोही चुकीचं सांगत नाही. श्वास भरून पोट घट्ट केलं की पोटातला दाब वाढून मणक्यांना आधार मिळतो. जड डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं) पाठीचा बाक टिकतो तो त्यामुळेच. शिवाय स्वतःच्या कमाल ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांच्या वर वजन गेलं की क्षणभर श्वास रोखला जाणं टाळताच येत नाही. ते शरीर आपोआप करतं. म्हणून ८५ टक्क्यांचं वजन हातात देऊन ‘श्वास रोखू नका’ म्हणणं हा पोकळ सल्ला आहे, आणि माझ्या लेखात तो तसाच गेला होता. श्वास सूचनेने सुटत नाही, वजन कमी केल्याने सुटतो. श्वास न रोखताही कंबर सुरक्षित राहील एवढंच वजन घेतलं, तर तुमच्या वडिलांना दोघांपैकी एकाची बाजू घ्यावी लागत नाही.

ते वजन कोणतं? एका रेपाची कमाल ताकद काढायची चाचणी बीपीच्या माणसावर मुळीच करू नका. १२ ते १५ रेप झाल्यावरही ‘अजून तीन-चार सहज निघाले असते’ असं वाटेल ते वजन घ्या. वजन उचलताना प्रत्येक रेपचा आकडा मोठ्याने म्हणायचा : एक, दोन, तीन. बोलताना श्वास बाहेर पडतोच, त्यामुळे तो रोखून धरता येत नाही. आकडा दाबून, कण्हत निघायला लागला की सेट तिथेच संपला, मग कागदावर १५ लिहिलेले असोत आणि नऊच झालेले असोत. पोट हलकं आवळलेलं ठेवायचं, खोकण्याआधी आपोआप आवळतं तेवढंच. डंबेलची मूठ हाडं पांढरी पडेपर्यंत करकचून धरायची नाही. तेवढ्यानेही दाब वाढतो.

डॉक्टरांचं ‘जड उचलू नका’ बरोबर आहे, पण जड म्हणजे किती हे किलोत ठरत नाही. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो. तो श्वास कोंडून जमिनीवरून उचलणं हे सहा किलोच्या डंबेलने पंधरा रेप काढण्यापेक्षा कितीतरी जास्त जड काम आहे, आणि ‘व्यायाम बंद’ केलेली माणसं ते घरी बिनदिक्कत करतात. डॉक्टरांना विचारायचं ते असं : ‘घरी मोजलेला दाब सरासरी इतका आहे, दमेपर्यंत न जाता १२ ते १५ रेप निघतील असं वजन आठवड्यातून दोनदा चालेल का?’ याचं उत्तर त्यांना नेमकं देता येतं.

आणि हे सगळं करायचंच कशाला, तर वजनांच्या व्यायामाने बसल्याजागचा दाबही उतरतो. २०२३ मध्ये २७० चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात वजनांच्या व्यायामाने वरचा दाब सरासरी साडेचार आणि खालचा तीन अंकांनी उतरला, म्हणजे चालणं-पळणं या प्रकाराइतकाच. सर्वांत मोठी घट, आठ आणि चार, भिंतीला पाठ टेकवून बसण्यासारख्या स्थिर व्यायामांत दिसली. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे दोन मिनिटांचे चार सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीनदा. पण वडिलांचा गुडघा दुखतो, तेव्हा मांड्या जमिनीला समांतर नेऊ नका. वरच थांबा, तीस सेकंदांपासून सुरू करा, आणि तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहा.

जिममध्ये पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचा एकच सेट पुरे : खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बसून केबल ओढणं, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर, पायरी चढणं, आणि हातात हलके डंबेल घेऊन कंबरेतून वाकून सरळ होणं. तिसऱ्या आठवड्यापासून दोन सेट. दोन सेटांमध्ये दीड ते दोन मिनिटं पूर्ण विश्रांती, कारण थकवा उतरला नाही तर पुढच्या सेटमध्ये रेप लवकर अडखळायला लागतात आणि दाब जास्त चढतो. ‘सर्किट’ लावून, म्हणजे न थांबता एकामागून एक व्यायाम देऊन, धावपळ करवणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. डोकं छातीच्या खाली जाईल असा उतरत्या बाकावरचा प्रेस नको. तालमीतले हनुमान जोर आणि पाय उंचावर ठेवून काढलेले जोरही सध्या नकोत. वजन वाढवायचं ते लागोपाठ दोन वेळा पंधरा रेप स्वच्छ निघाल्यावर, आणि वाढवायचं ते सर्वांत छोट्या टप्प्याने. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात. बऱ्याच दुखापती या तफावतीतून होऊ शकतात : ताकद आली म्हणून वजन वाढतं आणि खांद्याची किंवा गुडघ्याची कंडरा अजून मागेच असते.

दुखण्यासाठी शून्य ते दहा असं माप धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वपदावर आलं, तर चालू ठेवा. चारच्या वर गेलं किंवा सकाळी वाढलेलं असलं, तर वजन निम्मं करा किंवा हालचाल लहान करा. व्यायाम सरसकट बंद करू नका. गुडघ्यासाठी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. खांद्यासाठी डोक्यावर वजन नेणं थांबवा, तळवे एकमेकांसमोर ठेवून समोर ढकला. हात बाजूने वर नेताना मधल्याच टप्प्यात चमक येत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य ओझरतं आलं आहे, ‘खांद्यासाठी मेडिकलमधून गोळी आणतात’. मला लेग प्रेसपेक्षा याची जास्त काळजी वाटते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवतात, बीपी वाढवतात, आणि टेल्मिसार्टनचा परिणाम कमी करतात. टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामकं एकत्र आली तर मूत्रपिंडावर एकदम घाला पडू शकतो, विशेषतः उन्हाळ्यात घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या दिवशी. पॅरासिटामॉलही अगदी निर्धोक नाही. रोज चार ग्रॅम दोन आठवडे घेतलेल्या बीपीच्या रुग्णांत वरचा दाब जवळपास पाच अंकांनी वाढल्याचं २०२२ मध्ये दिसलं. चार-दोन दिवस दुखऱ्या जागी वेदनाशामक जेल लावणं हा त्यातल्या त्यात सौम्य मार्ग, तोही डॉक्टरांना सांगून. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन आणि जिममध्ये विकली जाणारी व्यायामाआधीची पावडर, दोन्ही टाळा. त्या पावडरीच्या एका चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन सहज असतं. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात ते साचू शकतं. तेही विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि युरिन इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन मिळालं असेल, तर त्या काळात वजनं थांबवा. ही औषधं कंडरा कमकुवत करतात, आणि धोका कोर्स संपल्यावरही काही काळ राहतो.

त्यांच्या दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या आहेत, आणि व्यायामानंतर दाब तसाही काही तास उतरलेला असतो. म्हणून व्यायाम संपला की एकदम थांबायचं नाही, पाच ते दहा मिनिटं हळू चालायचं. बाकावरून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. लगेच स्टीम किंवा कडकडीत पाण्याची आंघोळ नको.

१३८ ते १४६ हा आकडाही एकदा तपासून घ्या. घरच्या मोजणीत मर्यादा १३५/८५ धरतात, म्हणजे तो वरच आहे. पण पट्टा कुठला वापरता? साध्या यंत्राबरोबर येतो तो बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा असतो. दंड ३५ चा असेल तर लहान पट्टा दाब खोटाच जास्त दाखवतो. घेर टेपने मोजा, पट्ट्यावर छापलेला आकडा बघा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या पातळीवर टेकवा, आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं करून पहिला दिवस सोडून सरासरी काढा. जिमच्या दिवशी निघण्यापूर्वी दाब १६०/१०० च्या वर आणि परत मोजूनही तसाच असेल, तर वजनं नकोत, संथ चालणं चालेल, आणि डॉक्टरांना कळवा. १८०/११० च्या वर असेल तर काहीच नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सेटमध्ये क्षणात फुटल्यासारखी डोकेदुखी, छातीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये फाटल्यासारखी कळ, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काहीही झालं तर पाणी पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगलेली असल्याचं आधीच माहीत असेल किंवा घरात कुणाची ती फाटली असेल, तर वजनांना हात लावण्यापूर्वी इकोकार्डिओग्राफी करून घ्या. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढत असतील तर नेत्रतज्ज्ञांची परवानगी हवी.

आणि लेग प्रेस : पहिले दोन महिने नाही. त्यात गुडघे छातीकडे येतात तेव्हा पोट चेपतं, श्वास आपोआप अडकतो, आणि कंबर गादीवरून सुटून गोल होते. सरासरी १३५/८५ च्या खाली आली, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे दोन सेट आकडे मोजत सहज निघू लागले आणि गुडघ्याचं दुखणं तीनच्या आत राहिलं, की एका वेळी एकाच पायाने सुरू करा. एका पायात स्नायू कमी गुंततो, दाबही कमी चढतो. गुडघा ९० अंशांच्या पुढे दुमडायचा नाही, वर ढकलताना आकडा म्हणायचा, आणि सुरुवातीला स्लेजवर (पायांनी ढकलायच्या सरकत्या भागावर) वजनाची एकही प्लेट लावायची नाही. रिकाम्या स्लेजलाही स्वतःचं वजन असतं.