मज्जारज्जूची दुखापत आणि ‘तीन इंजेक्शनां’चा दावा

लोकलमधून पडून, परांचीवरून घसरून किंवा दहीहंडीच्या थरातून कोसळून ज्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आहे, अशा मुंबईतल्या तरुणांच्या घरच्यांना एक संदेश कोणी ना कोणी पाठवतोच. दुखापत कितीही जुनी असली तरी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) तीन इंजेक्शनांत तुटलेल्या नसा जोडतात, जपानने या उपचाराला मान्यता दिली आहे, पेशी स्वतःच्याच असल्याने धोका शून्य आहे आणि चालू लागलेल्या रुग्णांचे व्हिडिओ हाच पुरावा आहे, असे त्यात म्हटलेले असते. यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहायला हवा, कारण त्यावर विसंबून लोक घरदार विकायला निघतात.

पहिला मुद्दा नसा ‘जोडण्या’चा. हातापायातली नस तुटली तर ती अनुकूल परिस्थितीत दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत. इजा झालेल्या जागी व्रणऊती आणि पोकळी तयार होते, आणि तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणातली नोगोसारखी प्रथिने वाढ रोखून धरतात. कमरेच्या हाडातून काढलेल्या स्टेम सेलपासून, म्हणजे मेसेन्कायमल पेशींपासून, हाड, कूर्चा आणि चरबी तयार होऊ शकते. परंतु मज्जारज्जूत गेल्यावर त्यांच्या कामाच्या चेतापेशी बनतात आणि तुटलेला मार्ग सांधतात, असे माणसांत सिद्ध झालेले नाही. त्यांच्या स्रावांमुळे दाह कमी होत असावा आणि वाचलेल्या तंतूंना आधार मिळत असावा, असे संशोधक मानतात. तसा परिणाम झाला तरी तो दुखापत ताजी असतानाच अधिक संभवतो.

जपानचा दाखला अर्धाच दिला जातो. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून देण्याच्या ‘स्टेमिरॅक’ या उपचाराला डिसेंबर २०१८ मध्ये तिथे मिळालेली मान्यता सशर्त आणि मुदतीची होती. तिचा आधार होता अवघ्या १३ रुग्णांची चाचणी, जिच्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, आणि याच कारणासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी तिच्यावर टीका केली. शिवाय तो उपचार ताज्या दुखापतीसाठी आहे. जपानच्याच केओ विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेली चाचणी वेगळ्याच पेशींची, म्हणजे आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या स्टेम सेलपासून) घडवलेल्या चेतापूर्व पेशींची, म्हणजे पुढे चेतापेशी बनू शकणाऱ्या पेशींची होती. त्या पेशी दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत चार रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडल्या गेल्या आणि त्यांपैकी दोघांच्या हालचालीत सुधारणा दिसली. ही बातमी खरोखर आशादायक आहे. मात्र पाच वर्षांपूर्वी इजा झालेल्या माणसाला अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी टोचण्याचे समर्थन तिच्यातून मिळत नाही.

धोक्याबद्दलचे विधान तर सरळ चुकीचे आहे. अठराव्या वर्षी मज्जारज्जूला इजा झालेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत तीन वर्षांनी तिच्याच नाकातली ऊती बसवण्यात आली होती. त्यानंतर आठ वर्षांनी तिथे श्लेष्म स्रवणारी गाठ वाढलेली आढळली आणि ती काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. २०१४ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

व्हिडिओंवर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त विश्वास त्यांच्यावरच बसतो. पायाची हालचाल स्नायूंच्या ताठरपणामुळे, रुग्णाच्या इच्छेवाचूनही होते. पहिल्या वर्षात कित्येकांमध्ये काही सुधारणा आपोआप होते, आणि इंजेक्शनाच्या जोडीला रोज करून घेतलेल्या व्यायामाचाही वाटा असतो. खरी तपासणी संथ आणि कंटाळवाणी असते: टाचणी आणि कापूस घेऊन शरीराच्या प्रत्येक बाजूच्या २८ ठिकाणी संवेदना पाहायची, दोन्ही बाजूंच्या दहा-दहा प्रमुख स्नायूंना शून्य ते पाच गुण द्यायचे, गुदद्वाराजवळची जाणीव नोंदवायची आणि मग ए (इजेखाली संवेदना आणि हालचाल पूर्ण गेलेली) ते ई (सर्व सामान्य) यांपैकी श्रेणी ठरवायची. उपचाराआधीचा आणि नंतरचा असा तक्ता दाखवणारा व्हिडिओ माझ्या तरी पाहण्यात नाही.

राहिला घरच्यांचा प्रश्न, ‘करून बघायला काय हरकत आहे?’ तो कळवळ्यातून येतो आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. इंजेक्शनांच्या एका फेरीत लाखो रुपये जातात. तोच पैसा चांगली गादी, योग्य मापाची व्हीलचेअर, कॅथेटर आणि फिजिओथेरपी यांना पुरला असता. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग रुग्णाला वारंवार रुग्णालयात नेतात, प्रसंगी जिवावरही बेततात, आणि त्यांना आळा घालण्याचे मार्ग ठाऊक आहेत. हाजी अलीला १९५५ पासून सरकारी पुनर्वसन संस्था आहे. संदेशात तिचा उल्लेख नसतो. दुसरे असे की आधी पेशींचे इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाला पुढच्या अनेक चाचण्यांत प्रवेश नाकारला जातो, म्हणजे उद्या खरा उपचार चाचणीत आला तर त्याचे दार आजच बंद होऊ शकते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी स्टेम सेलचा वापर हा उपचार नसून संशोधन आहे, आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच, रुग्णाकडून शुल्क न घेता करता येतो. म्हणून कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही भरू नये, आणि ही चाचणी आहे असे सांगितले, तर तिचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मंजुरीचे पत्र आधी हातात घ्यावे.